बारदान वजा जाता

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात 'तोल' हा शब्द दिवसातून दहा वेळा तरी कानी पडतो. आईचा बाजारहाटाचा हिशेब जुळला नाही, तर "तोल कुठं सुटला बघ." धाकट्या भावाने अभ्यास टाकून क्रिकेटकडे मोर्चा वळवला, तर "एक पारडं लई खाली गेलं बरं का." याचे कारण एवढेच की, माझे वडील तोलणार आहेत. वाशीच्या घाऊक बाजारात कांद्याच्या गोणी काट्यावर घ्यायच्या, वजन वाचायचे, ते मोठ्याने पुकारायचे आणि चिठ्ठीवर उतरवायचे, हा त्यांचा अठ्ठावीस वर्षांचा शिरस्ता. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली जो कायदा झाला, त्याच्या सावलीत हमाल, मापाडी यांच्याबरोबर तोलणारही आले. हमाल ओझे वाहतो, तोलणार आकडा वाहतो. आबा म्हणतात, "गोणी पडली तर उचलता येती. आकडा एकदा चुकीचा पडला का उचलत न्हाई."

आबा सातवीपर्यंत शिकले आणि पाटण तालुक्यातल्या आमच्या गावाहून मुंबईच्या वाटेला लागले. आई चौथी पास. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात रोज काय शिकवतात याचे आबांना भारी कुतूहल. रात्री जेवताना विचारतातच, "आज काय झालं वर्गात?" सत्राच्या सुरुवातीला सरांनी आम्हांला समीक्षेचा पाठ दिला. गुणांची एक यादी आणि दोषांची एक यादी शेजारी शेजारी मांडली म्हणजे समीक्षा होत नाही, असे त्या पाठाचे सार होते. मी ते आबांना माझ्या परीने सांगितले. त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवला आणि म्हणाले, "म्हंजे तोलाईच की ही!"

मग त्यांनी मला तोलाईचे तीन नियम सांगितले. पहिला, माल टाकायच्या आधी काटा शून्यावर आहे की नाही ते पाहावे. दुसरा, बारदानाचे वजन वजा करावे. गोणपाटाला कांद्याचा भाव लावू नये. तिसरा, काटा ठरल्याशिवाय तोंड उघडू नये. हलत्या काट्यावर बोललेला आकडा कुणाचा तरी घात करतो. सरांनी दोन तासांत जे सांगितले ते आबांनी तीन वाक्यांत सांगितले, असे मी म्हटले तर सर रागावणार नाहीत अशी आशा आहे.

ते तीन नियम माझ्याच गळ्यात येणार आहेत याची मात्र मला त्या रात्री कल्पना नव्हती.

झाले असे की, जुलैमध्ये वर्ग भरू लागले आणि मी नव्या फोनचा हट्ट धरला. तोवर मी आणि भाऊ मिळून आईचा फोन वापरत होतो. फोन हवा होता ही गोष्ट खरी. पण मी मागितला तो साधासुधा फोन नव्हे. जुन्या आरमारात ज्या जहाजावर सेनापतीचे निशाण फडके त्याला इंग्रजीत फ्लॅगशिप म्हणत. त्यावरूनच कंपन्या आपल्या सर्वांत वरच्या फोनला फ्लॅगशिप म्हणू लागल्या. मला तसला, निशाण मिरवणारा फोन पाहिजे होता. किंमत पाऊण लाखाच्या घरात. मी आबांपुढे कारणे मांडली: स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण करता येईल, प्रकल्पासाठी मुलाखती टिपता येतील, पुढे नोकरीला उपयोग होईल. ही सारी कारणे खोटी नव्हती. पण खरे कारण मी सांगितलेच नाही. वर्गात घोळक्याने फोटो काढायची वेळ आली की सगळे एकीच्याच फोनकडे धावतात, आणि माझ्याकडे कुणी वळूनही पाहत नाही, हे ते कारण. एकोणिसाव्या वर्षी असली कारणे पाऊण लाखाहून मोठी वाटतात.

आबा रागावले नाहीत. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. पुढल्या रविवारी त्यांनी माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात हातरुमालात आणि वर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फोन होता. तो माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "ह्यो बी त्याच्या काळचा राजाच व्हता. आधी ह्याची तोलाई करून दाव. मग नव्याचं बोलू."

तो फोन म्हणजे नोकियाचा एन-९५. आमच्या घरी तो २०१० च्या दिवाळीत आला. गाळ्यावरच्या शेठच्या मुलाने नवा फोन घेतला आणि हा आपला जुना, खोक्यासकट आणि त्यातल्या वायरींसकट आबांना दिला. मी तेव्हा चार वर्षांची होते. मला आठवतो तो त्याचा आवाज. वर सरकवला की टक्, खाली सरकवला की टक्. आबा कामावरून आले की मी त्यांच्या मांडीवर बसून नुसते टक्-टक् करीत असे.

आता तो तोलायचा तर माहिती हवी. मी ग्रंथालयातल्या संगणकावर बसून त्या काळातली परीक्षणे वाचली. वहीत टिपणे काढली. पहिले टिपण वाचून मला हसूच आले. पडदा २.६ इंचांचा, त्यावर आडवे-उभे मिळून २४० बाय ३२० ठिपके. चालती स्मृती ६४ मेगाबाइट. जाडी २१ मिलिमीटर, म्हणजे आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकाएवढी! मी वहीत लिहिले, 'आजच्या कोणत्याही स्वस्त फोनपुढे टिकाव लागणार नाही.' आणि लिहितालिहिताच आबांचा पहिला नियम आठवला. काटा शून्यावर होता कुठे? त्यावर तर आजचे ओझे आधीच चढलेले होते. २००७ सालचा माल मी आजच्या काट्यावर टाकत होते.

मी पान फाडले आणि शून्य शोधू लागले. एन-९५ न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २००६ मध्ये जाहीर झाला आणि मार्च २००७ मध्ये बाजारात आला. (माझा जन्मही २००६ चाच, म्हणजे आम्ही दोघे एकाच वर्षाचे.) त्या वेळी सामान्य माणसाच्या हातात काय असे? आबांकडे त्याआधी नोकिया ११०० होता. हा २००३ सालचा फोन. काळा-पांढरा पडदा, फोटो नाही, गाणी नाहीत, पण डोक्यावर एक विजेरी. जगभरात त्याचे पंचवीस कोटींहून अधिक नग खपले. पहाटे तीनला बाजारात जाणाऱ्या माणसाला त्या विजेरीचे मोल काय, हे आमच्या घरात वेगळे सांगावे लागत नाही. तेव्हा 'फोन म्हणजे बोलण्याचे यंत्र आणि जमल्यास विजेरी' हे झाले शून्य. आता माल टाकायला हरकत नाही.

गुणांचे पारडे आधी घेते. या फोनच्या पाठीवर पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा होता. भिंगावर कार्ल झाइस या जुन्या जर्मन भिंगकारांचे नाव होते. कॅमेरा आपोआप नजर स्थिर करी, आणि भिंगाला धुळीपासून जपायला सरकते झाकण होते. चलच्चित्र ६४० बाय ४८० ठिपक्यांचे, सेकंदाला तीस चौकटी या वेगाने टिपले जाई. त्या काळच्या घरगुती टीव्हीला ते पुरेसे होते. उपग्रहांवरून आपले ठिकाण सांगणारी जीपीएस यंत्रणा पोटातच होती. वाय-फाय होते, ब्लूटूथ होते, एफ. एम. रेडिओ होता. दोन बाजूंना दोन स्पीकर आणि कोणताही साधा हेडफोन बसेल असे साडेतीन मिलिमीटरचे भोक. वर सरकवला की आकड्यांची बटणे, खाली सरकवला की गाण्यांची बटणे, आणि त्याबरोबर पडदा आपणहून आडवा होई. शिवाय एक वायर होती, तिने फोन थेट टीव्हीला जोडता येई. आणि हे सारे १२० ग्रॅममध्ये. कॅमेरा, रेडिओ, गाण्यांचा डबा, नकाशा आणि फोन अशी पाच यंत्रे विकणाऱ्या पाच दुकानदारांची झोप या १२० ग्रॅमने उडवली असणार.

आता दुसरे पारडे. बॅटरी फक्त ९५० मिलिअँपिअर-तासांची. एवढ्या साऱ्या यंत्रांना पोसायला ती अपुरी, असा शेरा तेव्हाच्या परीक्षणांतून पुन्हा पुन्हा आढळतो. मोठ्या कुटुंबात एकच मिळवता असावा तशी तिची गत. जीपीएसचा अँटेना आकड्यांच्या बटणांखाली, म्हणून फोन उघडा धरून मोकळ्या आभाळाखाली उभे राहायचे, आणि पहिल्यांदा ठिकाण सापडेपर्यंत वाट पाहायची; पुढे जाळ्याची मदत घेऊन ते लवकर शोधण्याची सोय नव्या प्रणालीतून दिली गेली. संगणकाला जोडायचे भोक वेगळे आणि चार्जरचे वेगळे. स्मृती अपुरी, त्यामुळे एका वेळी चार कामे उघडली की जड जाई. आणि किंमत? सुरुवातीचा अंदाज कर सोडून ५५० युरो.

इथवर माझ्या दोन याद्या झाल्या. सरांच्या भाषेत सांगायचे तर समीक्षा अजून झालेलीच नव्हती. बारदान वजा व्हायचे होते.

या फोनच्या वजनात बारदान किती? पहिले बारदान चटकन दिसले. त्याच्या अंगी वेगवान इंटरनेटची, म्हणजे थ्री-जीची ताकद होती, आणि किमतीत तिचेही पैसे होते. पण भारतात २००७ साली थ्री-जी होतेच कुठे? सरकारी कंपन्यांनी ते २००८ च्या अखेरीस सुरू केले. खासगी कंपन्यांसाठी लिलाव झाला २०१० साली, आणि त्यांची सेवा त्यानंतर आली. म्हणजे आपल्याकडे ज्याने हा फोन पहिल्या वर्षी घेतला, त्याने न बांधलेल्या रस्त्यासाठी मोटार घेतली. फोनचा यात काही दोष नाही. युरोपात जो गुण तोच गुण इथे गोणपाट झाला.

दुसरे बारदान ओळखायला वेळ लागला. ते म्हणजे यादी. याच फोनच्या वर्षी, जानेवारी २००७ मध्ये, अमेरिकेत पहिला आयफोन जाहीर झाला आणि जूनमध्ये विक्रीला आला. त्याचा कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा. त्याला चलच्चित्र टिपता येत नसे, थ्री-जी नव्हते, जीपीएस नव्हते. कागदावर दोन याद्या शेजारी ठेवल्या, तर एन-९५ ने त्याला चारी मुंड्या चीत केले असते. पण लोकांनी यादी हातात धरली नाही, फोन हातात धरला. बोट फिरवले की पडदा फिरतो ही एकच गोष्ट त्यांना पाच गोष्टींपेक्षा मोलाची वाटली. २००७ च्या अखेरच्या तिमाहीत जगातल्या दर दहा नव्या फोनांमागे चार नोकियाचे होते. सप्टेंबर २०१३ मध्ये त्याच कंपनीने आपला फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकण्याचे जाहीर केले आणि एप्रिल २०१४ मध्ये तो व्यवहार पुरा झाला. एवढ्या मोठ्या घसरणीची कारणे पुष्कळ असतील. एका फोनवरून ती सांगण्याचे धाडस मी करणार नाही. पण यादी लांब असणे आणि वस्तू हाताला लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मी वहीत लिहून ठेवले.

आणि तिसरे बारदान? ते फोनमध्ये नव्हतेच, माझ्यात होते. पाऊण लाखाच्या फोनमधून वर्गातल्या नजरा वजा केल्या, तर मागे काय उरते? हा प्रश्न मी वहीत लिहिला आणि त्याच्यापुढची जागा कोरी ठेवली.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले, ती सांगते.

एवढे सगळे लिहून झाल्यावर मी तो फोन चार्जरला जोडला. चालू होईल अशी आशा नव्हती. पण पडदा उजळला, आणि फोनने सर्वांत आधी मला आजची तारीख विचारली. एवढ्या वर्षांच्या झोपेतून उठलेल्याने दुसरे काय विचारावे! बाजूच्या खाचेत नखाएवढे मेमरी कार्ड होते. त्यात तीस-चाळीस फोटो आणि एकच चलच्चित्र. आबा म्हणाले, "डब्यात वायर बी आसंल बघ." वायर होती. एका टोकाला हेडफोनसारखी पिन आणि दुसऱ्या टोकाला पिवळी, पांढरी, तांबडी अशी तीन बोंडे. आमच्या टीव्हीच्या पाठीला ती तीन भोके अजून आहेत.

पडद्यावर आजी आली.

२०१२ चा मे महिना. गावाकडचे आमचे स्वयंपाकघर. आजी चुलीपुढे बसून भाकरी थापते आहे. परातीवर तिच्या हाताचा थप-थप आवाज, मागे कोंबड्यांचा कलकलाट. चौकटीच्या कडेला गुळाचा खडा चोखत उभी असलेली सहा वर्षांची मी. चित्र थोडे हलते आहे, कारण फोन आबांच्या हातात आहे. आजी एकदा वर पाहते, पदर सावरते, पुन्हा भाकरीकडे वळते. मग एकदम हसून म्हणते, "आरं, त्या डब्यात काय बघतोस? हिकडं माझ्याकडं बघ की." आबांचा आवाज येतो, "थांब गं आई, हलू नगंस." एवढ्यात चित्र संपते. दोन मिनिटे अकरा सेकंद.

आई सांगते की, त्या मे महिन्यानंतर आम्ही कोपरखैरण्याला परत आलो, तेव्हा आबांनी हीच वायर टीव्हीला लावली आणि चाळीतल्या आमच्या गावच्या सगळ्या माणसांना बोलावले. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी म्हणाले, "म्हातारी टीव्हीवर आली की रं!" परीक्षणे लिहिणाऱ्यांनी त्या वायरीला एक ओळ दिली होती, कुणी तीही दिली नव्हती. आमच्या घरात मात्र अख्ख्या फोनमधला तोच निव्वळ माल ठरला. पुढच्या वर्षी, २०१३ च्या पावसाळ्यात, आजी गेली. रेशनकार्डावरचा एक पुसट फोटो सोडला, तर तिची दुसरी खूण आमच्याकडे नाही.

चित्र संपले तेव्हा मी आबांकडे पाहिले नाही. काही वेळ कुणीच बोलले नाही. मग आबाच म्हणाले, "ती बघ म्हनत व्हती आन् मी त्या चौकटीतच बघत बसलो. हात हलंल म्हून भ्या वाटत व्हतं."

मित्रहो, एन-९५ ची जेवढी परीक्षणे मला मिळाली तेवढी मी वाचली. बॅटरी, स्मृती, जीपीएस, सारे दोष त्यांत आहेत. हा दोष मला कुठेच आढळला नाही. आणि त्याला निव्वळ दोष तरी कसे म्हणू? आबांनी त्या दोन मिनिटांत चौकटीत पाहिले नसते, तर आज आम्हांला आजीचा आवाज ऐकू आला नसता. आणि चौकटीत पाहिले म्हणून आबांना त्या दोन मिनिटांची आजी दिसली नाही, ती आम्हांला दिसली. एकच गोष्ट दोन्ही पारड्यांत पडते तेव्हा काटा कसा वाचायचा, हे मी आबांना विचारले. अठ्ठावीस वर्षे काटा वाचणाऱ्या माणसाने मान हलवली आणि म्हटले, "तसला माल आमच्याकडं येत न्हाई."

तिसरा नियम राहिला: काटा ठरू द्यावा. मी आठवडाभर थांबले. तेवढ्यात एक बारीकशी गोष्ट कळली. २००७ सालीच याच फोनची आठ गिगाबाइटची सुधारून वाढवलेली आवृत्ती निघाली. बॅटरी १२०० ची झाली, पडदा २.८ इंचांचा झाला, चालती स्मृती दुप्पट झाली. पण भिंगाचे झाकण गेले आणि कार्डाची खाचही गेली. वरच्या पायरीवर चढताना हातातले काय सुटते, ते चढणाऱ्याला लगेच दिसत नाही. आमच्याकडे आला तो पहिला, खाचेचा फोन. म्हणूनच मी ते कार्ड काढून ग्रंथालयातल्या संगणकावर लावू शकले आणि आजीच्या दोन मिनिटांच्या तीन प्रती करून ठेवल्या.

आठवड्याने मी वही आबांपुढे ठेवली. ते अक्षराला बोट लावून सावकाश वाचतात. कोऱ्या ठेवलेल्या जागेवर त्यांचे बोट थांबले, तेव्हा मी ती जागा तोंडानेच भरली. म्हटले, "आबा, नजरा वजा केल्या तर मला एवढंच लागतं. टिपणं आणि पुस्तकं वाचायला बरा पडदा. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला चांगलं इंटरनेट. फळ्याचा फोटो निघेल असा कॅमेरा. सकाळी निघून संध्याकाळी येईपर्यंत पुरेल अशी बॅटरी. आणि कार्डाची खाच. चौदा हजारांत होतंय."

आबांनी वही मिटली. सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि वहीवर ठेवला. पतपेढीचा कर्जाचा अर्ज होता. रक्कम पंचाहत्तर हजार. कारण: मुलीचे शिक्षण. खाली दोन जामीनदारांच्या सह्या, आणि तारीख, मला डबा काढून दिला त्या रविवारच्या आदल्या दिवसाची.

मला क्षणभर काही सुचले नाही. मी विचारले, "तुम्ही कर्ज काढायला निघालाच होता, तर मग मला तोलायला कशाला लावलंत?"

ते म्हणाले, "पोरी, माल तुझा. तोलाई मी कशी करणार? मी निस्ता आकडा पुकारणार. तू पंच्याहत्तर म्हनली आसतीस तर पंच्याहत्तर पुकारला आसता."

हे वाचून कुणाला वाटेल की, माझी हाव त्या दिवशी सुटली. तसे काही झालेले नाही. चौदा हजारांचा फोन घेतला, तो उत्तम चालतो, त्याचे गुणदोष सांगायला आणखी एक लेख लागेल. वर्गात घोळक्याने फोटो काढायचा झाला की, सगळे अजूनही त्याच एकीच्या फोनकडे धावतात, आणि माझ्या पोटात अजूनही थोडे कालवते. फरक एवढाच की, ते कालवणे म्हणजे बारदान आहे हे आता कळते. कळले म्हणून त्याचे वजन नाहीसे होत नाही; फक्त त्याला कांद्याचा भाव लागत नाही.

पतपेढीचा अर्ज मी फाडू दिला नाही. तो बिस्किटांच्या डब्यात, जुन्या फोनच्या रुमालाखाली ठेवला आहे. डबा माळ्यावर जाण्याआधी आबांना एक लहर आली. ते तो फोन एक दिवस बाजारात घेऊन गेले आणि गोणी तोलायच्या मोठ्या काट्यावर त्यांनी तो खरोखरच ठेवला. रात्री घरी येऊन म्हणाले, "तुझ्या वहीत एकशेवीस ग्रॅम लिवलंय. काटा तर शंभर दावतोय. वीस गेलं कुठं?"

तो काटा पन्नास-पन्नास ग्रॅमच्या टप्प्यानेच आकडा दाखवतो, हे माझ्यापेक्षा त्यांना पक्के ठाऊक. मी हसून म्हटले, "तुम्हीच सांगा."

"त्यातलं कार्ड तू काढून घेतलंयस न्हवं?" आबा म्हणाले. "मग तेवढी घट यायचीच."

त्या कार्डाचे वजन एका ग्रॅमहूनही कमी असते. पण मी काही बोलले नाही.